पिशवी कोणाच्या हातात आहे?

गेल्या महिन्यात एके दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या इंदूरच्या रामबागेतल्याच एक आजी हातात पिशवी घेऊन दारात आल्या. नमकीनच्या दुकानातून मिळते तशी ती जाड प्लास्टिकची पिशवी होती, आणि तिच्यात आजोबांची सगळी औषधे, एक्स-रेचे पाकीट व दवाखान्यातून सुट्टी मिळताना दिलेला कागद चार घड्या घालून कोंबलेला होता. "सिस्टर, यांना दोन दिवसांपासून उठलं की चक्कर येते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं ते म्हणताहेत. जरा येऊन बघता का?" आजोबांना महिन्यापूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि रक्तवाहिनी उघडी ठेवणारा एक स्टेंट बसवलेला होता, त्यामुळे चष्म्याचा विचार बाजूला ठेवून मी तशीच त्यांच्यासोबत गेले.

मनगटावर तीन बोटे ठेवून घड्याळात पूर्ण एक मिनिट नाडी मोजली, ती ४४ भरली. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय अनेकांना असते. पण नाडी मंद किंवा अनियमित असेल, तर तो हिशेब फसवतो, म्हणून हृदयरोग्याची नाडी मी नेहमी पूर्ण मिनिटभरच मोजते. मग पिशवी गादीवर रिकामी केली. तिच्यात एक गुलाबी आणि एक चंदेरी अशा दोन पट्ट्या निघाल्या. दोन कंपन्या, दोन नावे, आणि भिंग लावून बारीक अक्षरे वाचली तर दोन्हींवर एकच औषध: नाडी मंद करणारे मेटोप्रोलॉल, ५० मिलिग्रॅम. एक गोळी नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी दोन वर्षांपूर्वी सुरू केलेली होती, तर दुसरी मोठ्या दवाखान्याने झटक्यानंतर लिहून दिली होती. जुनी बंद करा, असे कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते, आणि आजी इतक्या काटेकोर की त्यांनी एकाही दिवशी, एकाही गोळीत खंड पडू दिला नव्हता. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच बोलावून ईसीजी काढला, एक गोळी बंद केली, आणि चौथ्या दिवशी नाडी ६२ वर आली.

चूक कोणाची, हे शोधण्यात मला रस नाही. परंतु हा प्रकार इतक्या वेळा पाहिला आहे की त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. इंदूरच्या एका रुग्णालयात मी एकतीस वर्षे परिचारिका होते आणि त्यांतली एकोणीस वर्षे हृदयरोग विभागात गेली. परिचर्या म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे इंजेक्शन, सलाईन आणि ताप पाहण्याची काडी येते. प्रत्यक्षात हृदयरोग्याची परिचर्या दोनच गोष्टींवर उभी असते: नीट पाहणे आणि योग्य माणसाला नीट सांगणे. यातली दुसरी गोष्ट मलाच बराच काळ जमत नव्हती, हे कबूल करते.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. हृदय अशक्त झाल्याने पायांवर सूज आणि फुप्फुसांत पाणी भरून आलेले एक गृहस्थ दहा दिवसांत बरे होऊन घरी निघाले होते. त्यांचा मुलगा बँकेतून रजा काढून आलेला, इंग्रजी कागद भराभर वाचणारा, प्रश्न विचारणारा. मी त्याला अर्धा तास समजावले: मीठ किती, पाणी किती, लघवीची गोळी कधी, वजन कसे करायचे. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. बिछान्याच्या पायथ्याशी त्याची आई डब्याची पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसली होती, आणि तिच्याकडे मी एकदाही वळून पाहिले नाही. अकराव्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा धापा टाकत आमच्याकडे दाखल झाले. मुलगा तर दुसऱ्याच दिवशी नोकरीच्या गावी परतला होता. गोळ्या देणारी, भाजीत मीठ घालणारी, रात्री उशा रचून देणारी आई होती, आणि तिला एवढेच ठाऊक होते की भाजी अळणी करावी आणि यांचे हृदय कमजोर आहे, तेव्हा पौष्टिक खायला घालावे. त्या दिवसापासून कागद हातात घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारू लागले: घरी गोळ्या कोणाच्या हातात असतात? उत्तर बहुधा बिल भरणाऱ्याकडे बोट दाखवत नसे.

अशक्त हृदयाच्या रुग्णासाठी घरातले सर्वांत मोलाचे उपकरण म्हणजे साधा वजनकाटा. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यानंतर, चहापूर्वी, रोज साधारण त्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढले, तर ती चरबी नसते. शरीरात साठलेले पाणी असते, कारण एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. पायांची सूज आणि धाप पुष्कळदा त्यानंतर येतात. म्हणजे काटा दोन-चार दिवस आधी सांगतो, आणि त्या दोन-चार दिवसांत डॉक्टरांना फोन केला तर अनेकदा गोळीच्या मात्रेत बदल करून भागते, अतिदक्षता विभागाची पायरी चढावी लागत नाही. दुसरी खूण उशांची. काल एका उशीवर झोपणारा माणूस आज दोन उशा मागत असेल, किंवा रात्री दोन वाजता दचकून उठून खिडकीशी जाऊन बसत असेल, तर ते म्हातारपण नव्हे. आडवे झाल्यावर पायांतले रक्त छातीकडे परतते, अशक्त हृदयाला ते पेलत नाही आणि फुप्फुसांत पाणी झिरपू लागते. वॉर्डमध्ये अशा रुग्णाला आम्ही पाठीला भक्कम टेकू देऊन बसते करतो, ते याच कारणासाठी. सूज पाहायची तर नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरावा आणि खळगा राहतो का ते पाहावे. मात्र अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय कोरडे दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण त्याचे पाणी कमरेखाली, माकडहाडापाशी साठते.

आता मिठाविषयी, आणि इथे मला इंदूरकरांशी थोडे भांडायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे सपाट एक लहान चमचाभर, आणि त्यात स्वयंपाकातले, लोणच्या-पापडातले, बाहेरच्या खाण्यातले असे सगळेच मीठ आले. आमच्याकडे मात्र रुग्णाच्या पानातले मीठ काढले की घरचे समाधान पावतात आणि सकाळच्या पोह्यांवर मूठभर शेव व वर जिरावण भुरभुरवतात. जिरावण हा मसाला आहे, त्यात कुठे मीठ, असे मला सुशिक्षित माणसांनी विचारले आहे. त्यात साधे मीठ असते आणि काळे मीठही असते. दुपारच्या वरणभातासोबत लवंग शेव, संध्याकाळी कोणी भेटायला आले की कचोरी, थंडीत गराडू हा तळलेला कंद आणि त्यावर पुन्हा तोच मसाला! नमकीन या शब्दाचा अर्थच खारट असा आहे, तो आपण रोज उच्चारतो आणि तरी विसरतो. वीस वर्षांपूर्वीच्या त्या गृहस्थांच्या पत्नीने भाजी अळणी केली होती, पण तोंडाला चव नाही म्हणून वाटीभर शेव दिवसातून तीनदा दिली होती.

याच्या जोडीने सैंधवाचा गैरसमज फार खोल आहे. उपासाला चालते म्हणून ते हृदयालाही चालेल, हे तर्कशास्त्र आमच्या आजीच्या पिढीपासून चालत आले आहे. सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग वेगळा असला, तरी हृदयावरचा भार तोच. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात आणखी वेगळा धोका आहे, कारण त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, आणि रुग्ण जर स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांसारखी औषधे घेत असेल, तर रक्तातले पोटॅशियम आधीच वाढण्याकडे झुकलेले असते. ते फार वाढले तर हृदयाचा ठेका बिघडून जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे मीठ घरात आणू नये, आणि ही औषधे सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (म्हणजे मूत्रपिंडाचे काम) व पोटॅशियमची तपासणी सांगितली, तर ती पैसे काढण्याची युक्ती समजून टाळू नये.

लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, सकाळी घ्यायची असते, आणि दुसरी मात्रा असेल तर ती दुपारी चारच्या आत. रात्री घेतली तर रुग्ण झोपेतून चारदा उठतो, अंधारात पाय घसरतो, आणि मांडीचे हाड मोडून तो हृदयाऐवजी अस्थिरोग विभागात दाखल होतो. हे मी कल्पनेने लिहीत नाही. लग्नाला किंवा प्रवासाला जायचे म्हणून त्या दिवशी गोळी न घेणारे पुष्कळ असतात. त्यापेक्षा परतल्यावर घेता येईल का, असे डॉक्टरांना विचारून ठेवावे. उलट जुलाब किंवा उलट्या होत असतील, तर हीच गोळी शरीर कोरडे करते, तेव्हा त्या दिवशी फोन करून विचारलेच पाहिजे. अलीकडे मधुमेह नसलेल्यांनाही अशक्त हृदयासाठी डापाग्लिफ्लोझिन देतात. ती गोळी घेणाऱ्या बायकांनी हरतालिकेचा निर्जळी उपास धरण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, कारण पोटात अन्न-पाणी नसताना ती घेतल्यास शरीरातील पाणी कमी होते आणि रक्तात घातक आम्ल साठू शकते. देवी रागावणार नाही, असे मी सांगते. त्यावर प्रत्येक वेळी विश्वास ठेवला जातोच असे नाही.

स्टेंट बसवलेल्यांच्या बाबतीत माझी चिंता वेगळी असते. अ‍ॅस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर अशी रक्त पातळ ठेवणारी जोडी झटक्यानंतर साधारण वर्षभर चालवतात. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. तिच्यावर शरीराचे स्वतःचे अस्तर चढेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी धरण्याचा धोका असतो, आणि तशी धरली तर पुन्हा झटका, तोही पहिल्यापेक्षा वाईट. असे असूनही दात काढायचा आहे म्हणून दंतवैद्याने सांगितले, किंवा शेजाऱ्याने सांगितले, किंवा अंगावर एक निळा डाग उठला, एवढ्या कारणावर लोक दोन्ही गोळ्या बंद करतात. ज्याने स्टेंट बसवला त्याला विचारल्याशिवाय या गोळ्यांना हात लावायचा नाही, हे मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरातल्या डब्यावर चिकटवायला लावते. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यायची असते आणि काही जणांना तिने श्वास लागल्यासारखे वाटते. हे सांगून ठेवलेले नसले, तर रुग्ण घाबरतो, गोळी सोडतो आणि कोणाला बोलतही नाही. रॅमिप्रिलच्या कोरड्या खोकल्याचेही तसेच. तीन-तीन महिने मध-आले, काढे, छातीचे एक्स-रे होतात, आणि औषध बदलल्यावर काही आठवड्यांत खोकला जातो.

मेटोप्रोलॉलच्या वर्गातल्या गोळ्या हृदयाचा वेग आणि त्याचे श्रम कमी करतात. त्या एकदम तोडायच्या नसतात, कारण दाबून ठेवलेला वेग उसळून येतो आणि छातीत दुखू लागते. लांब परिणामाची गोळी असेल तर ती कुटून पाण्यात कालवून देऊ नये, दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. नाडी ५० च्या खाली असेल, किंवा चक्कर येत असेल, तर पुढची गोळी देण्याआधी फोन करावा. डिगॉक्सिन हे हृदयाचे जुने औषध आता पूर्वीइतके दिले जात नाही, पण जुन्या रुग्णांकडे ते अजून सापडते. ते डिजिटॅलिस या झाडापासून आले; त्याच्या पानांवरची आपली निरीक्षणे विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टराने १७८५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून हे ठाऊक आहे की या औषधाची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात फार थोडे अंतर असते. अन्नावरची वासना जाणे, मळमळ, वस्तू पिवळट दिसणे, नाडी मंदावणे या खुणा दिसल्या की ते पित्त नव्हे. आमच्याकडे ही गोळी आठवड्यातून पाच दिवस देण्याची पद्धत होती आणि रुग्ण तिला कारकुनाची गोळी म्हणत, कारण तिला शनिवार-रविवार सुट्टी.

हृदयाची झडप खराब असलेल्या रुग्णांचे जग निराळे आहे. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून झालेल्या संधिवाती तापाने झडप खराब झालेल्या कितीतरी तरुण मुली माळव्याच्या खेड्यांतून आमच्याकडे येत. त्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागे, आणि लग्न ठरले की हमखास पहिल्यांदा तेच बंद होई, कारण सासरी कळू द्यायचे नसे. कृत्रिम धातूची झडप बसवली, की रक्त गोठू न देणारे असेनोकुमारॉल किंवा वॉरफरिन आयुष्यभर. या औषधांचा उगम गोठ्यातला आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेले क्लोव्हरचे गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली, त्या गवतातल्या द्रव्याच्या शोधातून पुढे हा वर्ग जन्माला आला. मात्रा बरोबर आहे का, हे आयएनआर या रक्ततपासणीने कळते. झडप कोणती आणि कुठली यावर डॉक्टर तो आकडा ठरवतात, आणि वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवावा. पालेभाज्या या औषधाचा परिणाम कमी करतात, तरी पालक-मेथी पूर्ण वर्ज्य करण्याची गरज नसते. आठवडाभर एक पान नाही आणि रविवारी वाटीभर पातळ भाजी, हा चढउतार घातक. रोज साधारण सारखे खावे. हिरड्यांतून रक्त, काळी शौचास, डोक्याला मार, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना. या मुलींना गरोदरपणाची चाहूल लागली तर लगेच सांगावे, हे मी सासूसमोर सांगत असे, मुद्दाम.

एका औषधाबद्दल मात्र सर्वच हृदयरोग्यांच्या घरांना सांगते, आणि ते त्यांच्या कागदावर नसतेच: गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत पोटातून रक्तस्राव घडवू शकतात. औषधाच्या दुकानात "दर्द की गोली दे दो भिया" म्हटले की ती चिठ्ठीशिवाय मिळते. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या अ‍ॅसिडिटीच्या पुडीतही सोडियम भरपूर असते, हे जाता जाता.

छातीत दुखू लागल्यावर ठेवायची जिभेखालची गोळी देताना आधी माणसाला बसवावे. उभ्याने घेतली तर रक्तदाब एकदम उतरून तो कोसळतो. डोके ठणकते, ते औषध काम करत असल्याचे चिन्ह आहे. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिलसारखी गोळी गेल्या चोवीस तासांत घेतली असेल, तर ही घ्यायची नाही. टॅडालाफिल असेल तर दोन दिवस. हे विचारायला घरचे लाजतात, म्हणून वॉर्डमध्ये मी पडदा ओढून रुग्णाला एकट्याला विचारत असे. गोळी ठेवून पाच मिनिटांत छातीतले दुखणे उतरले नाही, तर १०८ ला फोन करावा. त्याला जिना उतरवून स्कूटरवर मागे बसवून नेऊ नये, ओवा-हिंग देऊन वाट पाहू नये. मधुमेही माणसाला आणि बायकांना छातीत न दुखता नुसता घाम, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे एवढ्यावरही झटका येऊ शकतो.

आजी-आजोबांकडे परत येते. त्या दिवशी मी पिशवीतल्या जुन्या पट्ट्या वेगळ्या काढल्या आणि शाळेची दोनशे पानी वही मागवली. प्रत्येक गोळीचे नाव, कंपनीचे नाही तर औषधाचे, मराठीत, ती कशासाठी, कधी, आणि काय झाले तर फोन करायचा, असे चार रकाने आखले. आजी चौथीपर्यंत शिकलेल्या, पण अक्षर मोत्यासारखे. मी सांगत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, मग मी वही मिटून त्यांना विचारले, आणि चुकले तिथे पुन्हा. आजोबा मधेमधे "अगं, मला ठाऊक आहे" म्हणत होते. त्यांना दोनच गोळ्या ओळखता आल्या. शेवटच्या पानांवर तारीख, वजन आणि नाडीचा तक्ता केला.

काल संध्याकाळी त्या वही घेऊन आल्या. सोमवारी ६१.४ किलो, मंगळवारी ६१.३, बुधवारी ६१.५, आणि गुरुवारच्या ६२.६ भोवती लाल पेनाने गोल. शेजारी त्यांनीच लिहिले होते: नातू आला होता, सराफ्यात खायला गेले, मला न सांगता. डॉक्टरांना फोन आधीच करून झाला होता, नंबर फिरवताना हात थरथरला, एवढेच त्या म्हणाल्या. आज सकाळी मी विचारले तर ६१.७.